करंटची शेकाई, नसा आणि स्नायू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं फिजिओथेरपीचं छोटं केंद्र आहे. बाकावर बसलेली माणसं जे विचारतात तेच प्रश्न इथे आहेत, बरेचसे त्यांच्याच बोलीत. मशीन लावता लावता उत्तर देताना निम्मं राहून जातं, म्हणून निवांतपणे लिहून ठेवलं.

"मॅडम, नस म्हंजे हे हातावर हिरवी हिरवी दिसते तेच नं?"

नाही. हातावर हिरवट दिसते ती रक्ताची शीर. आपल्याकडे "नस" हा शब्द शिरेलाही वापरतात, स्नायूच्या दोरीलाही वापरतात, आणि रात्री पोटरीत गोळा आला तरी "नस चढली" म्हणतात. तो गोळा स्नायूचा असतो. या पानावर नस म्हणजे मेंदू आणि मणक्यातून निघून हातापायांत गेलेला मज्जातंतूंचा पांढरट दोरा. मांडीच्या मागून जाणारी सायटिक नस जवळपास अंगठ्याएवढी जाड असते. कोपर चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती नसेचीच.

करंट लावला की बोट आपोआप उडतं. माझ्या मनात नसताना ते कसं हलतं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

नसेतल्या प्रत्येक तंतूच्या आत आणि बाहेर क्षारांचं प्रमाण वेगवेगळं असतं. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. तंतू स्वस्थ असताना आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. मशीनच्या पॅडखाली हा फरक घटून साधारण ५५ मिलिव्होल्टवर आला, की तंतूच्या आवरणातली सोडियमची दारं एकदम उघडतात. सोडियम आत शिरतं, शेजारच्या तुकड्यातला फरकही कमी होतो, मग तिथली दारं उघडतात, मग त्याच्या शेजारची.

धुऱ्यावरचं वाळलं गवत पेटलेलं तुम्ही पाहिलंच आहे. एका टोकाला काडी लावली की आगीची रेघ स्वतःच्या बळावर दुसऱ्या टोकाला जाते. काडी बारीक होती की मोठा टेंभा होता याने धुऱ्याच्या आगीत फरक पडत नाही. एक तर गवत पेटतं, नाही तर पेटत नाही. नसेच्या एका तंतूचंही तसंच आहे. मशीनचं बटण वाढवल्यावर झटका मोठा होतो तो जास्त तंतू पेटल्यामुळे. एकच तंतू जास्त जोरात पेटला, असं होत नाही. आणि नुकतं जळालेलं गवत लगेच पुन्हा पेटत नाही, तसा तंतूही क्षणभर थंड राहतो. फरक इतकाच की धुऱ्याला पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागतं, तंतू सेकंदाच्या हजाराव्या भागात तयार होतो.

आग स्नायूपाशी पोचली की पुढे एक बारीक फट असते. नस स्नायूला चिकटलेली नसते. तिच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन फटीत सुटतं, स्नायूला धडकतं, स्नायूच्या आत कॅल्शियम मोकळं होतं आणि स्नायू आखडतो. तुम्ही मनाने बोट हलवता तेव्हाही शेवटचा रस्ता हाच. फक्त काडी मेंदू लावतो. मशीन लावलं की काडी मधेच कुठेतरी लागते आणि स्नायूला काडी कोणी लावली ते कळत नाही.

सेकंदाला एक-दोन ठोके दिले तर स्नायू टिचकी मारल्यासारखा उडतो. ३० ते ५० दिले तर उड्या एकमेकींत मिसळतात आणि स्नायू घट्ट आवळून धरतो.

नसेतून वीज वाहते, म्हणजे ती तारेसारखीच झाली ना?

वरच्या गवताच्या उदाहरणात उत्तर आलंच आहे, पण वेगाचा हिशेब ऐका. १८५० साली हेल्महोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या नसेत हा वेग मोजला. तो सेकंदाला २७ मीटरच्या आसपास निघाला, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आतच. समृद्धी महामार्गावरची गाडी त्याहून पुढे निघून जाईल. आपल्या हाताच्या निरोगी नसेत हा वेग सेकंदाला ५० मीटर किंवा थोडा जास्त असतो, पायाच्या नसेत ४० किंवा जास्त. तारेतल्या विजेपुढे हे काहीच नाही. पण हा वेग मोजता येण्याइतका कमी आहे म्हणूनच आज नसेची तपासणी होऊ शकते.

हे मुळात कोणाच्या ध्यानात आलं?

इटलीतल्या बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीच्या. मेलेल्या बेडकाच्या तंगड्या विजेने उडतात हे त्याने १७९१ मध्ये प्रसिद्ध केलं. व्होल्टा या दुसऱ्या इटालियन शास्त्रज्ञाला त्याचं म्हणणं पटलं नाही, आणि त्या वादातूनच १८०० साली व्होल्टाची बॅटरी जन्मली. पुढे १८३१ मध्ये फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने चुंबकाच्या हालचालीने तारेत वीज निर्माण होते हे शोधलं. माझ्या मशीनवरच्या दोन बटणांवर आजही "गॅल्व्हॅनिक" आणि "फॅराडिक" लिहिलेलं आहे, ती या दोघांची नावं. लोक कंपनीचं नाव समजतात.

"कधी बारीक मुंग्यावाला करंट लावता, कधी थांबून थांबून ठोका देता. दोन्ही काऊन?"

मुंग्यांचा तो फॅराडिक. त्याचा एकेक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही छोटा असतो, आणि सेकंदाला ५० च्या वर ठोके पडतात. पॅड स्नायूवर ठेवलं तरी एवढ्या छोट्या ठोक्याने पेटते ती स्नायूत शिरलेली नस, कारण स्नायूपेक्षा नस फार लवकर पेट घेते. म्हणून नस जिवंत असेल तर फॅराडिकने स्नायू आवळतो.

नस पार तुटली किंवा सुकली असेल तर छोट्या ठोक्याला स्नायू दाद देत नाही. त्याला थेट जागं करायला लांब ठोका लागतो, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहून मोठा. तो थांबून थांबून देतात, हाच गॅल्व्हॅनिक. याने स्नायू सापासारखा संथ, वळवळत आखडतो. ती संथ हालचाल एकदा पाहिली की विसरत नाही. मशीनच्या आकड्याआधी ती मला सांगते की नसेचं काही खरं नाही.

म्हणजे करंट हा नुसता उपचार नाही. करंटने आपण नसेला प्रश्न विचारतो आणि तिचं उत्तर स्नायूतून पाहतो. कोणी पहिल्या दिवशी हे उत्तर न पाहता पंधरा दिवसांची शेकाई सांगत असेल, तर "मॅडम, नस जित्ती हाय का?" असं तुम्हीच विचारा.

झटका मशीनच्या तारेचा झटका लागून माणूस सहसा उठून उभा राहतो. मग घरातल्या बोर्डाचा करंट जीव का घेतो?

रोही आणि रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनमध्ये व्होल्ट हजारांत असतात, पण ठोका अगदी क्षणाचा असतो आणि मग सेकंदभराची उसंत असते. त्या उसंतीत हात सुटतो. घरातली वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० फेऱ्यांची, तीही अखंड. आताच सांगितलं की ५० च्या ठोक्याला स्नायू आवळून राहतो. पंजा मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा ताकदवान असतात, म्हणून तार धरलेला हात तारेवरच घट्ट मिटतो. याला दहा-पंधरा मिलिअँपिअरचा प्रवाह पुरतो. लोक म्हणतात "करंटनं ओढून धरलं". करंट ओढत नाही, आपलेच स्नायू सोडत नाहीत. प्रवाह छातीतून गेला की हृदयाची लय विस्कटते आणि माणूस तिथेच जातो.

माझ्या मशीनचा करंटही मिलिअँपिअरमध्येच असतो, पण ठोके छोटे असतात, दोन्ही पॅड एकाच हाताला किंवा पायाला लावलेले असतात आणि छाती वाटेत येत नाही.

जनावरांसाठी कुंपणाला थेट लाइनचा आकडा टाकणं हा गुन्हा आहे. त्या तारेवर रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारी मरतो, कधी घरचाच पोरगा मरतो. आपल्या भागात हे पावसाळ्यात पुन्हा पुन्हा होतं आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात कालवतं. कोणी चिकटलेलं दिसलं तर हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने तार बाजूला करा.

"निंदून उठली त पायाचा पंजाच उचलेना. लकवा झाला का?"

बहुतेक वेळा लकवा नसतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, एक हाडाची गोटी लागते. तिथे पंजा उचलणारी नस हाडाला वळसा घालून जाते आणि तिच्यावर जेमतेम कातडीचं पांघरूण असतं. दिवसभर उकिडवं बसून निंदण केलं की ती तिथे दबते. पंजा लटकतो, चप्पल पायातून निघते, चालताना पाय उंच उचलून टाकावा लागतो. सोयाबीन-कपाशीच्या निंदणीच्या दिवसांत मला अशा बाया दिसतात. ज्या हडकुळ्या झाल्या आहेत, आजारातून उठल्या आहेत, त्यांना जास्त, कारण नसेवरची चरबीची गादी गेलेली असते. पायावर पाय टाकून तासन्‌तास बसणाऱ्यांनाही हे होतं, आणि गुडघ्याखाली घट्ट प्लास्टर बसलेल्यांनाही.

इथे करंटची परीक्षा फार कामाची. पहिले आठवडा-दहा दिवस उलटल्यावरही गोटीच्या खाली नसेला ठोका दिला आणि पंजा छान उडाला, पण गोटीच्या वर दिल्यावर उडाला नाही, तर नस तुटलेली नाही, फक्त त्या जागी वाट अडली आहे. अशी बाई काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत बरी होते. तोवर उकिडवं बसणं बंद, पंजा वर धरणारी पट्टी बुटात, घोटा रोज वर-खाली करून मोकळा ठेवायचा. करंट मी थोडे दिवस लावते, तोही बाई स्वतः पंजा उचलायचा प्रयत्न करत असतानाच.

पण इथे एक गोष्ट मन घट्ट करून लिहिते. काही वर्षांपूर्वी अशीच एक ताई आली. निंदणाची गोष्ट ऐकली, पंजा पाहिला आणि मी निंदणाचाच दोष समजून पट्टी दिली. महिनाभर सुधारणा नाही. मग गोटीपाशी बोट फिरवलं तर नस सुतळीसारखी जाड लागली. पाठीवर एक फिकट चट्टा होता, त्यावर कापसाचा स्पर्श कळत नव्हता. कुष्ठरोग होता. चट्ट्याबद्दल मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. तेव्हापासून पंजा लटकलेल्या प्रत्येकाची नस मी बोटाने चाचपते आणि पाठ उघडून पाहते.

वरोऱ्याचं आनंदवन आपल्याच मुलखात, वर्ध्याजवळचं दत्तपूरही आपलंच, तरी हा आजार अजून आपल्यात आहे आणि लोक अजून तो लपवतात. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर. नसेची सूज सहा महिन्यांच्या आतली असेल तर स्टेरॉइडने गेलेली ताकद परत येण्याची चांगली आशा असते. करंटने ती येत नाही.

पोराला ढुंगणावर इंजेक्शन दिलं आणि तेव्हापासून तो पाय ओढतो.

सुई किंवा औषध सायटिक नसेला लागलं असू शकतं. कमरेचं इंजेक्शन नेहमी वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात द्यायचं असतं, आणि लहान मुलांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला देणं बरं. पाय ओढणं त्याच दिवशी सुरू झालं असेल तर थांबू नका, अस्थिरोग किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. नस पुन्हा वाढते, पण दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर. ढुंगणापासून पंजापर्यंतचं अंतर टेपने मोजा, म्हणजे किती महिने धीर धरायचा ते कळेल.

डॉक्टरांनी नागपूरला "एनसीव्ही-ईएमजी" करायला सांगितलंय. त्यात काय करतात? सुई टोचून करंट देतात का?

या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. बहुतेक वेळा एकाच बैठकीत होतात.

एनसीव्हीत सुई नसते. नसेवर कातडीवरूनच छोटा झटका देतात आणि पुढच्या स्नायूवर चिकटवलेल्या पट्टीतून स्नायूचा प्रतिसाद संगणकावर उमटतो. आधी मनगटाशी झटका, मग कोपराशी. समजा दोन जागांमधलं अंतर २२ सेंटिमीटर आहे आणि कोपराच्या झटक्याचा प्रतिसाद ४ मिलिसेकंद उशिरा आला. तर वेग सेकंदाला ५५ मीटर, म्हणजे ठीक. वेग फार पडला असेल तर नसेचं वेष्टन खराब आहे. वेग बरा पण रेघेची उंची कमी, तर आतले तंतूच कमी झाले आहेत. मधुमेहात, कुष्ठरोगात, मनगटाशी नस दबल्यावर प्रत्येकाचा नमुना वेगळा दिसतो.

ईएमजीत स्नायूत बारीक सुई घालतात, पण त्या सुईतून करंट देत नाहीत. सुई फक्त ऐकते. निरोगी स्नायू विश्रांतीत गप्प असतो. नस तुटलेला स्नायू आपोआप कुजबुजत राहतो आणि स्पीकरवर त्याचा आवाज टिनाच्या छपरावर पडणाऱ्या पावसासारखा येतो. सुई टोचताना दुखतं, इंजेक्शनाइतकं. घाबरण्यासारखं नाही.

आजच पाय गेला आणि तीन आठवड्यांनी तपासायला बोलावलं. हा वेळकाढूपणा नाही का?

नाही, यामागे कारण आहे. नस वरच्या बाजूला तुटली तरी खालचा तुकडा लगेच मरत नाही. पहिले काही दिवस त्याला झटका दिला तर स्नायू झकास उडतो आणि रिपोर्ट फसवा येतो. आठवडा-दहा दिवसांत तो तुकडा सुकतो. सुईला ऐकू येणारी कुजबुज सुरू व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. दोनशे किलोमीटर जाऊन अर्धवट रिपोर्ट आणण्यापेक्षा योग्य वेळी एकदाच गेलेलं बरं. मात्र जखम उघडी असेल, विळ्या-कोयत्याने हात कापून बोटं पडली असतील, तर तपासणीची वाट पाहायची नाही. ते काम त्याच दिवशी सर्जनचं.

लकवा झालाय. करंट लावून हात परत येईल का?

लकवा ताजा असेल, म्हणजे आत्ता तोंड, हात, बोलणं गेलं असेल, तर हे पान बंद करा आणि १०८ ला फोन करा. सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात जा. गुठळीमुळे झालेल्या लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. आधी तेल, आधी देवऋषी, आधी सलाईन, यात ते तास जातात. दर महिन्याला मी असं एखादं घर पाहते.

लकवा जुना असेल तर ऐका. लकव्यात हाताची नस चांगली असते, स्नायूही चांगला असतो. बिघाड मेंदूत असतो. म्हणून करंट लावला की बोटं लगेच उघडतात आणि घरचे रडायला लागतात, "बाबाचा हात आला!" मला त्यांचा आनंद मोडवत नाही, पण खरं सांगावंच लागतं: हात मशीनने हलवला, बाबांनी नाही.

तरी करंटचा इथे उपयोग आहे. बाबा मनापासून पंजा उघडायचा प्रयत्न करत आहेत आणि त्याच क्षणी मशीनने पंजा उघडला, असं रोज शेकडो वेळा झालं, तर मेंदूला हरवलेली वाट पुन्हा सापडायला मदत होते. पायाचा पंजा लटकणाऱ्यांसाठी पाय उचलायच्या क्षणी नसेला ठोका देणारं यंत्र १९६१ साली लिबरसन या डॉक्टरांनी मांडलं. आजची पट्ट्यांची यंत्रं त्याच कल्पनेवर चालतात. पण बाबा डोळे मिटून पडलेत, मशीन ठकठक करतंय आणि मुलगा मोबाइल पाहतोय, अशा वीस मिनिटांतून फार काही निघत नाही. माझ्याकडे मी मुलाला समोर बसवते आणि प्रत्येक ठोक्याला "बाबा, उघडा!" असं मोठ्याने म्हणायला लावते. मशीन परवडत नसेल तर प्लास्टिकचा ग्लास उचलून ठेवायला लावा, चण्याचे दाणे वेचायला द्या, शर्टाची बटणं त्यांनाच लावू द्या. दिवसातून तासभर.

खांदा लोंबकळत असेल तर हात धरून ओढून बसवू नका.

झोपेतून उठलो तर तोंड वाकडं. करंट लावू का?

आधी कपाळ पाहा. भुवया वर केल्यावर कपाळाच्या दोन्ही बाजूंना आठ्या पडत असतील आणि फक्त तोंडाचा खालचा भाग वाकडा असेल, तर मेंदूचा लकवा असू शकतो. ताबडतोब दवाखाना. कपाळासकट अर्धा चेहरा गळाला आणि डोळा मिटत नसेल, तर बहुधा चेहऱ्याची नस सुजली आहे. तरी डॉक्टरांनी पाहायलाच हवं. स्टेरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर फायदा मोठा. बहुतेक लोक आपोआपही बरे होतात.

सुरुवातीच्या आठवड्यांत मी चेहऱ्याला करंट लावत नाही. त्याचा ठोस फायदा दिसलेला नाही. डोळा मात्र सांभाळा: दिवसा डॉक्टरांनी सांगितलेले थेंब आणि चष्मा, रात्री मलम लावून डोळा पट्टीने बंद. गेलेली नस परत येते, गेलेलं बुबुळ येत नाही.

फवारणी करून आल्यावर अंग फडफडतं. ही पण नसेचीच भानगड आहे का?

हो, आणि ती जिवावर बेतणारी आहे. नस आणि स्नायूमधल्या फटीत सुटणारं ॲसिटिलकोलीन काम झाल्यावर लगेच साफ व्हावं लागतं. ते साफ करणारं एन्झाइम ऑर्गनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं बंद पाडतात. मग एका निरोपावर स्नायू पुन्हा पुन्हा उडतो. पापणी, पोटरी, जीभ फडफडते, लाळ गळते, बाहुली टाचणीएवढी होते आणि शेवटी स्नायू थकून निपचित पडतात. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, हे कोणी विसरलेलं नाही.

दोन गोष्टी घरच्यांना ठाऊक हव्यात. पहिली, रोगी सुधारल्यासारखा वाटला तरी एक ते चार दिवसांत मान उचलता न येणं आणि श्वास कमी पडणं सुरू होऊ शकतं. म्हणून "आता बरा हाये" म्हणत सुट्टी मागू नका. दुसरी, काही औषधांनंतर दोन-तीन आठवड्यांनी पायाला मुंग्या येऊन पंजे लटकतात. तेव्हा डॉक्टरांना फवारणीची तारीख आठवणीने सांगा, कारण तोवर तुम्हीही ती विसरलेले असता. औषधाची बाटली किंवा डबा सोबत न्या. सगळी कीटकनाशकं एकाच जातीची नसतात आणि उताराही एकच नसतो.

साप किंवा विंचू चावल्यावर बॅटरीचा करंट दिला तर विष उतरतं म्हणतात.

उतरत नाही. मण्यार आणि नागाचं विष नस-स्नायूंमधल्या त्याच फटीवर घाव घालतं. पापण्या जड होतात, मग श्वास बंद पडतो. सापाच्या विषावर प्रतिविष हाच इलाज. विंचवासाठीही दवाखानाच. करंट, ब्लेड, घट्ट दोरी, यातलं काही नको.

गुडघ्यासाठी मोबाइलवरून "टेन्स" मशीन मागवलंय. चालेल?

टेन्स म्हणजे कातडीवरून हलका करंट देऊन दुखणं दाबणारं छोटं मशीन. दुखणं थोडा वेळ कमी होईल. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं की दुखण्याचा निरोप मणक्यातल्या एका फाटकातून वर जातो, आणि स्पर्शाचे निरोप गर्दी करून ते फाटक लोटून बंद करू शकतात. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो ते यासाठीच. टेन्स तेच करतं. मुंग्या जाणवतील इतकाच करंट ठेवा, स्नायू उडवायची गरज नाही. पण झिजलेला गुडघा त्याने भरत नाही. मांडीचा स्नायू मजबूत करायचा व्यायाम त्या मशीनपेक्षा जास्त देतो, आणि मशीनने दुखणं दबलेल्या वेळेत तो व्यायाम केला तर मशीनचे पैसे वसूल.

"पोलीस भरतीची तयारी करतो. पोटऱ्याले करंटचा बेल्ट लावला त १६०० मीटरचा टाइम सुधरन का?"

नाही सुधरत, बाळा. तुझी नस चांगली आहे, तिला बाहेरून काडी लावायची गरज नाही. शिवाय मशीन तेच ते तंतू एकाच वेळी पुन्हा पुन्हा पेटवतं, मेंदू मात्र त्यांना आळीपाळीने कामाला लावतो. म्हणून मशीनने स्नायू लवकर थकतो. पहाटे डांबरीवर पळ, आठवड्यातून दोनदा चढावर पळ, आणि पोटभर जेव.

कोणी करंट लावून घेऊ नये?

पेसमेकर असलेल्यांनी अजिबात नाही. गरोदर बाईच्या पोट-कमरेवर नाही. गळ्याच्या पुढच्या भागावर, कर्करोगाच्या जागेवर, शिरेत गुठळी झालेल्या पायावर, उघड्या जखमेवर नाही. आणि आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं: जिथे कातडीला कळत नाही तिथे नाही. मधुमेह आणि कुष्ठरोगात पाय बधिर असतात, रोगी "अजून वाढवा, काहीच लागत नाही" म्हणतो आणि कातडी भाजून निघते. मी आधी गरम-थंड नळी लावून विचारते. विचारलं नाही तर तुम्ही आठवण करून द्या.

किती दिवस लावायचं? रोजची एसटी परवडत नाही.

एवढ्या बैठका असा ठरलेला आकडा नसतो. मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून येणाऱ्या माणसाला रोज वीस मिनिटांच्या ठोक्यांसाठी बोलावणं मला योग्य वाटत नाही. पहिले काही दिवस या, तेवढ्यात नस काय म्हणते ते कळतं आणि व्यायाम घरच्यांना शिकवता येतो. पुढे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी या. दोन-तीन आठवड्यांत मोजण्यासारखा फरक नसेल तर करंट थांबवायचा आणि पुढे कुठे दाखवायचं ते बोलायचं.

तपासणीला येताना काय आणावं?

जुने सगळे कागद, चालू गोळ्यांची पट्टी, साखरेचा रिपोर्ट. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुईच्या तपासणीआधी तसं सांगा. हातापायाला तेल लावून येऊ नका, तेलावर पट्टी चिकटत नाही आणि करंट नीट जात नाही. बांगड्या, जोडवी, घड्याळ काढून ठेवावं लागेल. हिवाळ्यात सकाळी मोटरसायकलवर येणार असाल तर हातमोजे घाला आणि आल्यावर अर्धा तास उन्हात बसा. थंड हातात नसेचा वेग दर अंशाला सेकंदाला दोनेक मीटरने पडतो आणि चांगल्या नसेवर आजाराचा शिक्का बसू शकतो. माझ्या केंद्राच्या पायरीवर दहा वाजेपर्यंत छान ऊन असतं.